काळ्या मातीवरचं मैदान

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात आलो की मला दोन जळगावं दिसतात. एक नारायण नरसिंह फडणिसांचं; त्यांनी 1887 साली इथून ‘काव्यरत्नावली’ हे कवितेला वाहिलेलं मासिक सुरू केलं. दुसरं आजचं, चौकालगतच्या भाऊंच्या उद्यानाचं. भाऊ म्हणजे उद्योजक भवरलाल जैन.

मी खो-खो शिकवणारा शाळामास्तर. अशा बागांतली जिम ही मागाहूनची चैन. आमचं क्रीडासंकुल म्हणजे दोन खांब, फक्की आणि मोकळी जागा. खो-खोला 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधून दिले, पण खान्देशच्या काळ्या मातीचा कायदाच वेगळा. पावसात ती टाचेला चिकटते, उन्हाळ्यात पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. म्हणून मुलं आणि मी मुरूम पसरायचो, पाणी मारायचो, रोलर ओढायचो. सुधारणा तेव्हाही होतीच. फक्त तिचं टेंडर निघत नसे.

आता मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक येतात, व्यायामाची यंत्रं येतात. येऊ द्या. पण आठ पोरं ओळीने बसतील आणि नववं धावेल, एवढी माती तेवढी राखून ठेवा.