खोचलेला शर्ट आणि शिस्त

१५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंनी दिल्लीत नव्या लढाऊ गणवेशात संचलन केले. तेव्हापासून एक आक्षेप ऐकू येतो: शर्ट खोचलेला नाही, पट्टा दिसत नाही, मग जवानाचा रुबाब राहिला कुठे? शिस्त कपड्यांतूनच अंगात मुरते, असे या पक्षाचे म्हणणे. गणवेशावरची ही माया खरी आहे. युक्तिवाद मात्र टिकत नाही.

लढाऊ गणवेश परेडसाठी शिवलेला नसतो. सीमेवरचा जवान त्यावर बुलेटप्रूफ जाकीट चढवतो, वर काडतुसांचे पाऊच बांधतो. छातीचे खिसे त्याखाली दबतात, म्हणून बाहीवरचा खिसा कामाचा. रांगताना, कडा चढताना खोचलेला शर्ट असाही उपसून येतो. मोकळ्या शर्टाखाली हवा खेळते; कापडातले ७० टक्के सूत घाम टिपते, ३० टक्के पॉलिएस्टर ते लवकर वाळवते आणि टिकाऊ करते. पाठीवरच्या चुण्या हात उचलायला वाव देतात. यात शिस्त कुठे ढळली? (असा गणवेश पहिल्यांदा संचलनातच दाखवल्यामुळे त्याला संचलनाची कसोटी लागली, हेही खरे.)

रुबाबाचा हट्ट काय करू शकतो, हे फ्रान्सने भोगले आहे. इतर सैन्यांनी मातकट रंग स्वीकारले, तरी लाल विजार म्हणजे फ्रान्सचा मान, असे तिथे ठासून सांगितले गेले. माजी युद्धमंत्री एझेन एतिएन यांनी ती बदलायला विरोध केला. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ त्याच विजारीत जर्मन मशीनगनांसमोर गेले. त्यांच्या शौर्यात काही उणे नव्हते.

आक्षेपच घ्यायचा तर तो रंगछटांवर घ्यावा. अमेरिकी सैन्याने २००४ मध्ये सर्व भूभागांसाठी एकच करडा-हिरवा डिजिटल नमुना आणला. अफगाणिस्तानात तो पार्श्वभूमीत मिसळेना. २०१० मध्ये तिथल्या तुकड्यांना वेगळा नमुना द्यावा लागला आणि २०१५ पासून साऱ्या सैन्यासाठीच जुना नमुना बदलायला घेतला. आपल्या नमुन्यात ऑलिव्ह आणि मातीच्या छटा आहेत. थरच्या वाळूत, लडाखच्या उघड्या खडकांत आणि ईशान्येच्या ओल्या रानात तो किती अंतरावरून डोळ्यांत भरतो, याचे उत्तर सैन्याकडे मागायला हवे. खोचलेल्या शर्टाचा आग्रह धरणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या शब्दाला वजन आहे. ते त्यांनी या प्रश्नामागे उभे करावे.