फडाच्या कडेला एक शांत जागा

आम्ही राणीसावरगावच्या बचत गटातल्या बाया. आज मैदानाची गोष्ट सांगतो, ती खेळ बघणाऱ्यांची.

आमच्या आज्यांच्या काळी जत्रेतल्या कुस्त्या बायकांनी फडाजवळ बसून बघायची रीत नव्हती. कुणी माळवदावरून बघायची, कुणी लांब बैलगाडीत उभी राहून. मैदान कुणाचं, हे आधीच ठरलेलं असायचं.

बघणाऱ्याचा विचार करून मैदान बांधणारा एक राजा आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. 1902 साली शाहू महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोल मैदान पाहिलं आणि तसं काही कोल्हापुरात असावं असं त्यांना वाटलं, असं सांगतात. 1912 साली खासबाग मैदान सुरू झालं. मधोमध कुस्तीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बसायची जागा. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी, ही त्यातली युक्ती.

दिसण्याची अडचण तिथं सुटली. आवाजाच्या त्रासाचा विचार व्हायला मात्र पुढं शंभर वर्षं गेली.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला कबड्डी फार आवडते. पण भोंगा सुरू झाला, हलगी कडाडली, की तो कानांवर हात दाबून जमिनीवर बसतो, ओरडतो. लोक म्हणायचे, लाडावलंय. कुणी म्हणायचं, बाहेरचं काहीतरी आहे. ताईंनी मैदानावर जाणंच सोडलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, मुलगा स्वमग्न आहे. अशा बऱ्याच लेकरांना आवाज, लखलखता उजेड, गर्दीचे धक्के आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. आपल्याला जो नुसता गोंगाट वाटतो, तो त्यांना खरोखर दुखतो.

अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अशा 11 मुलांबद्दल लिहिलं, तेव्हापासून जगाला स्वमग्नतेची ओळख होऊ लागली. आपल्या देशात 1995 चा अपंगांचा कायदा आला, त्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार धरले आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. करमणूक आणि खेळ यांतही दिव्यांगांना सामील करून घ्यावं, असं हा कायदा सांगतो.

मैदानावर बदल घडला तो एका घरातून. इंग्लंडमधल्या संडरलँड शहरात एका स्वमग्न मुलाला फुटबॉलच्या मैदानावरचा गोंगाट सोसेना. त्याच्या आईवडिलांनी ती गोष्ट क्लबपुढं मांडली. 2015 साली तिथं मैदानाकडं काच असलेली एक शांत खोली तयार झाली. आवाज कमी, उजेड मंद, आणि समोर खेळ चालू. 2022 साली कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा तिथल्या तीन मैदानांवर अशा खोल्या होत्या.

आपल्याकडं काचेची खोली कुठून आणायची? आम्ही गटाच्या बैठकीत विषय घेतला आणि सामने भरवणाऱ्या पोरांशी बोललो. एक भोंगा दुसरीकडं वळवला. मैदानाच्या एका कडेला, येण्याजाण्याच्या वाटेजवळ, चटई टाकून जागा राखली. भोंगा कधी सुरू होणार, हे ताईंना आधी सांगून ठेवलं. खेळ नसताना ताईंनी लेकराला मैदान दाखवून आणलं. जाड रुमाल कानांवरून बांधला. खर्च काहीच नाही.

त्या दिवशी पोरगं अर्धा सामना बसलं. मग उठून घराकडं ओढायला लागलं. ताई म्हणाल्या, "अर्धा तर अर्धा. चार वर्षांनी मी मैदानावर बसले."

मैत्रिणींनो, लेकरू घरात राहिलं की आईही घरात राहते. आपल्या आज्या माळवदावरून बघायच्या. तीच वेळ आज या मायलेकरांवर नको. तुमच्या गावात जत्रा किंवा सामने ठरले, की बैठकीत एवढंच विचारा: आपल्यातली कोण येत नाही, आणि का?