फॅट किती लागली?

शिरूर-दौंड भागात 'फॅट' हा शब्द आधी दुधाचा आहे, मग माणसाचा. संकलन केंद्रावर कॅन रिकामा झाला की मशीनमधून पावती येते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. त्यामुळे 'आज फॅट किती लागली?' हा इथे घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर कमी आलं की गाईची पेंड वाढते.

अशा घरात 'लो-फॅट व्हीगन डाएट' हे शब्द उच्चारायचे म्हणजे जरा अवघडच. लो-फॅट म्हणजे तोटा, आणि व्हीगन म्हणजे दूधच नाही. आमच्याकडे पाच संकरित गाई आहेत. माझी इंजिनिअरिंगची फी दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारातून भरली गेली. आता मी २८ वर्षांचा आहे, दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर असतो, वजन ९२ किलो आहे आणि एचबीए१सी ६.२. म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात आहे. मोबाइलवर सगळे सांगतात तसा तेल-तूप-दूध वगळलेला आहार सुरू करायचं मी ठरवलं. ठरवल्यावर पहिला प्रश्न पडला तो इतिहासाचा: आपल्या भागात असं खाणं नवीन आहे का? आधी कोणी असं खाल्लं असेल, तर त्यांचं काय झालं?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. कालवे येण्याआधी इथलं ताट म्हणजे बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, हुलगा किंवा मटकीचं कालवण, तांदुळजा, अंबाडी, कांदा आणि मिरची. तेल करडईचं, घाण्यावरून आणलेलं आणि बेताने वापरलेलं. गाय पाळायची ती मुख्यतः बैलांसाठी. खिलार गाईचं दूध वासराला पुरून घरात उरायचं ते थोडंच. तूप सणाला, मटण जत्रेला. म्हणजे लोक तत्त्वाने व्हीगन नव्हते, पण वर्षातले बहुतेक दिवस त्यांचं ताट आजच्या कुठल्याही लो-फॅट चार्टमध्ये बसलं असतं.

याच ताटाचं सगळ्यात कोरडं रूप १८७६-७८ च्या दुष्काळात दिसलं. दख्खनमध्ये पाऊस गेला आणि हजारो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला आणि माती वाहायला गेली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी कमी केली. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य, म्हणजे १६०० कॅलरींच्या आसपास. खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला वजन उतरवायला एखादा अॅप आज साधारण एवढंच सांगेल. ते दिवसभर दगड फोडणाऱ्याला दिलं जात होतं. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराने काम करायला नकार दिला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास इलाख्यात डॉ. कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्याने तर उघड वाद घातला की माणूस नुसत्या धान्यावर कामाला उभा राहू शकत नाही, त्याला जास्त धान्य हवं आणि सोबत डाळ-भाजीही हवी.

म्हणून 'आपले पूर्वज साधं खायचे, त्यामुळे धडधाकट होते' हे वाक्य मला घाईचं वाटतं. साधं खाणं आणि कमी खाणं यांतला फरक त्यांच्या हातात नव्हता. त्यांचं वजन वाढत नव्हतं हे खरं. पण त्यांना निवड होती असं म्हणता येत नाही.

निवड असलेला एक माणूस मात्र १९४६ मध्ये या भागात आला. पुणे-दौंड लोकलने जाणाऱ्यांना उरुळी कांचन स्टेशन माहीत असतं. हवेली तालुक्यातलं, दौंडच्या अलीकडचं. त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात महात्मा गांधी तिथे मुक्कामाला होते. त्याआधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी या पद्धतीवर भर दिला होता. पण गरीब माणूस शहरातल्या केंद्रात येणार नाही, केंद्रच खेड्यात गेलं पाहिजे, असं त्यांच्या लक्षात आलं. गावकऱ्यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. औषध म्हणजे माती, पाणी, ऊन, रामनाम आणि आहार.

गांधींचा आहाराचा प्रयोग तोवर तीसेक वर्षांपेक्षा जुना होता, आणि त्यात एक गाठ कायम राहिली होती. ती गाठ दुधाची. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. काही वर्षं ते फळं, शेंगदाणे आणि धान्यावर राहिले. आज आपण ज्याला व्हीगन म्हणतो ते हेच, आणि हा शब्द तर इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये तयार झाला. पण १९१८ मध्ये खेड्याच्या दौऱ्यात त्यांना आमांश झाला, शरीर पार खचलं. मुंबईच्या डॉ. दलालांनी दूध घ्यायला सांगितलं. प्रतिज्ञा आड आली. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: प्रतिज्ञा करताना मनात गाई-म्हशी होत्या, शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं आणि ते उठून उभे राहिले. आत्मकथेत मात्र त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. प्रतिज्ञेचे शब्द पाळले, पण तिचा आत्मा गेला, असंच त्यांचं म्हणणं आहे.

याहून गमतीची गोष्ट पुण्यात घडली. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बैठं काम करणाऱ्यासाठी रोजच्या आहाराचं माप दिलं आहे: गाईचं दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. मी हे स्प्रेडशीटमध्ये टाकून बघितलं. दुधातून साधारण ३२ ग्रॅम स्निग्धांश आणि तुपातून ४२, म्हणजे ७५ च्या आसपास. एकूण कॅलरी १८०० च्या जवळ, त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्निग्धांशातून. लो-फॅट म्हणायला हे ताट कुठूनच तयार नाही. उलट आज ज्याला लो-फॅट म्हणतात, म्हणजे दहा टक्के कॅलरी स्निग्धांशातून, त्या हिशेबाने १८०० कॅलरींत फक्त २० ग्रॅम बसतात.

ज्या माणसाने दूध सोडायला एवढी धडपड केली, त्यानेच शेवटी दोन पौंड दूध लिहून दिलं. कारण दुधाला पुरेल असा वनस्पतीतला पर्याय त्यांना सापडला नाही. तो कुणीतरी शोधावा, अशी त्यांची इच्छा मात्र कायम होती.

उरुळीची गोष्ट पुढे आणखी वळण घेते. गांधी निघून गेले. आश्रम सांभाळायला मागे राहिले मणिभाई देसाई, सुरतेकडचे, पंचविशीतले. ते जन्मभर तिथेच राहिले. रोगी बरा होऊन घरी जातो आणि घरात खायलाच नसतं, हे त्यांनी रोज पाहिलं. मग ते शेती, फळबागा आणि गाईंकडे वळले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली. गावठी गाईंवर होल्स्टीन आणि जर्सीचा संकर, गोठवलेलं वीर्य, आणि शेतकऱ्याच्या दारात येऊन कृत्रिम रेतन. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या गोठ्यातल्या एचएफ गाईंची वंशावळ कागदावर नाही, पण ती वाट याच कामातून आलेली आहे. निसर्गोपचाराच्या आश्रमातून दुधाचा धंदा निघाला, आणि त्या धंद्यातून माझी फी.

मग दूध घरोघर आलं, पाटाचं पाणी आलं, ऊस आला, भाकरीच्या जागी चपाती आली. इथली माणसं आतून कशी आहेत, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोजायला घेतलं. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले आहेत, पण कातडीखालची चरबी जवळपास टिकून आहे. दिसायला बारीक, आतून चरबीचं. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचाच फोटो लंडनच्या एका सहकाऱ्यासोबत 'द लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणजे आमच्या भागात खरा प्रश्न माणसाच्या फॅटचाही आहे, आणि तो माझ्या खुर्चीपासून सुरू झालेला नाही. तो आजीच्या आणि पणजीच्या ताटापर्यंत मागे जातो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. निम्म्याहून जास्त बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. आणि ज्या गरोदरपणात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं तुलनेने भरलेली होती. बी-१२ कुठल्याही भाजीत किंवा डाळीत भरवशाचं मिळत नाही. शाकाहारी घरात ते मुख्यतः दुधातून येतं. १९१८ च्या आजारातून गांधींना नेमकं कशाने उठवलं ते आज तपासता येणार नाही. पण वर्षानुवर्षं दूध-अंडी-मांस काही न खाणाऱ्याला ज्या गोळीची गरज असते, ती त्यांच्या काळात नव्हती. बी-१२ वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. ते ज्या पर्यायाची वाट बघत होते त्याचा निदान हा एक भाग आज मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळतो.

लो-फॅट आहाराच्या बाजूने पुरावाही चांगला आहे. १९९० मध्ये डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरने हृदयरोग्यांना दहा टक्के स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम आणि ध्यान दिलं. वर्षभरात रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे का होईना मागे हटलेले दिसले. २००६ मध्ये नील बर्नार्ड यांनी ९९ मधुमेहींवर २२ आठवडे प्रयोग केला. लो-फॅट व्हीगन गटाचं वजन सरासरी ६.५ किलोने उतरलं, नेहमीच्या मधुमेही आहाराच्या गटाचं ३.१ किलोने. पोटभर खाऊनही असं होतं, कारण डाळ-भाजी-धान्यात पाणी आणि चोथा जास्त असतो, आणि एक ग्रॅम स्निग्धांशात नऊ कॅलरी असतात, पिठूळ पदार्थात चारच.

पण हे प्रयोग आपल्या ताटावर आणताना आपलं ताट मोजायला हवं. आमच्या घरात दूध बंद केलं म्हणून जेवण लो-फॅट होत नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, आणि आमच्याकडे कूट नाही अशी भाजी शोधावी लागते. फोडणीला एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. साबुदाण्याची खिचडी तुपाऐवजी तेलात केली तर पूर्ण व्हीगन आहे, आणि वजनासाठी वडापावइतकीच घातक. उलट बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, तांदुळजा आणि कांदा हे जुनं ताट तसंच उचललं तर फारसं काही वगळावंच लागत नाही. फरक एवढाच की आता डाळ आणि भाजी हवी तेवढी वाढून घेता येते.

मी तेच करतोय. दोन भाकरी, वाटीभर नाही तर वाडगाभर उसळ, पालेभाजी, घरासाठी महिन्याला येणाऱ्या तेलातला माझा वाटा मोजून. दूध आणि तूप बंद. बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू केली आहे, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सीसोबत बी-१२ पण तपासणार आहे. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी असं काही करण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच, कारण खाणं बदललं की औषधाचं माप बदलतं.

आईला मी दूध सोडल्याचं वाईट वाटलं. आपल्याच गोठ्यातलं दूध मुलगा पीत नाही, हे तिला अपमानासारखं आहे. वडिलांनी वेगळंच विचारलं: 'सगळ्यांनीच सोडलं तर?' याचं उत्तर माझ्याकडे नाही. दहा दिवसांच्या पगारावर या दोन तालुक्यांत किती चुली आणि किती कॉलेजची वर्षं चालतात हे मला माहीत आहे. माझा एक कप चहा काळा झाला म्हणून तो पगार कमी होत नाही, एवढंच मी त्यांना सांगू शकलो.

टेंपलने दुसऱ्याचं ताट ठरवलं, आणि त्या ताटावर बसणाऱ्याला नकार देण्यासाठी काम सोडावं लागलं. गांधींनी आधी स्वतःचं ताट ठरवलं, आजारी पडल्यावर बदललं, आणि बदलल्याचं लिहून ठेवलं. आमच्या घराण्यात पोटभर मिळत असताना कमी तेलाचं खायचं ठरवणारा बहुधा मी पहिलाच. आज भाकरीसोबत आईने ठेचा दिला, शेंगदाणे न घालता. तिखट लागला, पण संपवला.