कापूस गासडीबांधणी, परभणी जिल्ह्यातील : मानवी श्रम व यंत्र

वटलेली रुई दाबून तिच्या ठराविक वजनाच्या व आकाराच्या गासड्या (गठाणी) बांधण्याचा हंगामी उद्योग. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात तो परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड इ. बाजारपेठांच्या गावी कापूस वटण्याच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या, उद्योगाला जोडूनच वाढला. एकाच आवारातील या दुहेरी कारखान्याला लोकव्यवहारात ‘जिनिंग-प्रेसिंग’ किंवा नुसते ‘जिन’ म्हणतात. या उद्योगात यंत्र व मनुष्यबळ यांच्यातील कामाची वाटणी चमत्कारिक रीतीने झाली. वटणे व दाबणे या दोन्ही क्रिया प्रथमपासून यंत्राकडे होत्या. परंतु त्यांच्या आधीची, मधली आणि नंतरची सर्व ने-आण जवळजवळ शंभर वर्षे माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, डोक्यावरून होत राहिली. ती तशी का राहिली आणि पुढे का संपुष्टात आली, हा या उद्योगाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : यंत्रे येण्यापूर्वी कापूस घरोघर हातचरकीवर वटला जाई. दोन रुळांमधून रुई पलीकडे ओढली जाऊन सरकी अलीकडे राही. हे काम बहुधा स्त्रिया करीत व दिवसभराच्या श्रमातून थोडेच शेर रुई हाती येई. ही मोकळी रुई पोत्यांत किंवा जाड कापडाच्या बोज्यांत पायांनी तुडवून भरली जाई. असे बोजे लमाण, वंजारी इ. जमातींच्या तांड्यांतील बैलांवर लादून दूरच्या पेठांना नेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेजारच्या वऱ्हाडातील कापूस अशा रीतीने थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पायांनी तुडवलेल्या बोज्यातील रुई मोकळीच असल्याने बैलाच्या पाठीवर वजनापेक्षा आकारमानाचाच भार अधिक होई. हीच अडचण जहाजावरही येई, कारण तेथे भाडे जागेवर ठरत असे. म्हणून मुंबईत कुलाबा भागात हा कापूस पुन्हा उलगडून मोठ्या आटेदार दाबयंत्रांत दाबला जाई व त्या यंत्रांचे दांडे मजुरांच्या टोळ्या गोल फिरून ओढीत. जोझेफ ब्रामा या इंग्रज यंत्रज्ञाने १७९५ मध्ये एकस्व घेतलेल्या द्रवीय दाबयंत्राचा पुढे या कामी प्रसार झाला, तेव्हा या टोळ्यांचे काम नाहीसे झाले. वटणीच्या बाबतीत अमेरिकेतील एली व्हिटनीचे करवती यंत्र (१७९३) अधिक प्रसिद्ध असले, तरी भारतात रुजले ते फोन्स मॅकार्थी याचे १८४० मधील रूळ-यंत्र. मराठी मुलखात त्याला ‘रेचा’ हे नाव रूढ झाले. रूळ-यंत्राची गती कमी असते, पण ते धागा तोडत नाही.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) भारतीय कापसाला मोठी मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडात वाफेवर चालणारे कारखाने उभे राहू लागले. परभणीचा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व लोहमार्गापासून दूर होता. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे लोहमार्ग सुरू झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा ही स्थानके त्यावर आली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जिल्ह्यात वटणीचे व दाबणीचे कारखाने वाढले ते या लोहमार्गाच्या आश्रयाने. मानवतसारख्या पेठेचे स्थानक गावापासून काही किमी. दूर असल्याने तेथे गासड्या बैलगाड्यांत चढविणे व पुन्हा वाघिणींत भरणे, असे हमालीचे दुहेरी काम निर्माण झाले. संस्थानात नावाजलेला लांब धाग्याचा ‘गावराणी’ कापूस नांदेड-परभणी भागातीलच होय. त्यात हलका कापूस मिसळू नये, यासाठी गासडी कोठे व कशी बांधली जाते याला व्यापारात विशेष महत्त्व होते. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गासडीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. मात्र तेथील कायदे हैदराबाद संस्थानाला आपोआप लागू होत नसत.

जुनी कार्यपद्धती : कारखान्याच्या मध्यभागी रेच्यांची एक किंवा दोन रांगा असत व त्या सर्वांना वाफेच्या, पुढे तेलाच्या इंजिनाने फिरणाऱ्या एकाच लांब दांड्यावरून पट्ट्यांनी गती मिळे. आवारातील ढिगांतून स्त्रिया पाट्या भरून कापूस आणीत. रेच्यापाशी बसलेल्या दुसऱ्या स्त्रिया तो हातांनी यंत्रात सोडीत. रेच्याखाली पडलेली सरकी एकीकडे व रुई दुसरीकडे उचलली जाई. रुई चादरींत बांधून दाबखान्यात नेली जाई आणि तेथे पुरुष दाबपेटीत उतरून ती पायांनी तुडवीत. पेटी पुरेशी भरली, की द्रवीय दाबाचा दट्ट्या चाले. दाब कायम असतानाच गासडीभोवती बारदान गुंडाळून लोखंडी पट्ट्या आवळीत. दाब सुटताच गासडी पट्ट्यांवर फुगते, म्हणून पट्टीची कडी बसविणारा कामगार अनुभवी लागे. निसटलेली पट्टी हात कापून टाकू शके. जुनी मुंबई गासडी निव्वळ ३९२ पौंडांची (सु. १७८ किग्रॅ.) असे, आजची १७० किग्रॅ. धरली जाते.

या पद्धतीतील मानवी श्रमाचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. कापसात रुईचे प्रमाण वजनाने सु. एक-तृतीयांश असते. म्हणजे १७० किग्रॅ. ची एक गासडी भरण्यास सु. ५०० किग्रॅ. कापूस रेच्यापर्यंत आणावा लागतो आणि सु. ३३० किग्रॅ. सरकी व १७० किग्रॅ. रुई तेथून हलवावी लागते. पाटीत पाच-सहा किग्रॅ. कापूस मावतो असे धरले, तरी नुसता कापूस आणण्यासाठीच गासडीमागे ऐंशी ते शंभर खेपा होतात. यंत्र बसविलेला कारखाना असे ज्याला म्हणत, त्यात प्रत्यक्षात एक टन वजन गासडीमागे माणसेच इकडून तिकडे नेत होती.

कामाचे तास व कायदा : हंगामात कापूस आवारात साचतो; त्याला आगीचे व अवकाळी पावसाचे भय असते, म्हणून मालकाला घाई असे. मुंबई सरकारने १८८४-८५ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातील अशा कारखान्यांची साक्ष झाली, तीत स्त्री-पुरुष पहाटेपासून रात्रीपर्यंत व कित्येकदा रात्रंदिवस, सलग अनेक दिवस काम करतात, असे निष्पन्न झाले. यावर तत्काळ उपाय झाला नाही. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत प्रभावीपणे आले ते १९११ च्या कारखाना अधिनियमानंतर. परभणी जिल्ह्यापुरते पाहता, हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर १९४८ चा कारखाना अधिनियम येथे लागू झाला. त्याच्या २७ व्या कलमान्वये कापूस दाबण्याच्या कारखान्यात, जेथे कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल त्या भागात, स्त्रिया व मुले यांना कामास मनाई होती. छतापर्यंत किंवा निरीक्षकाने ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत भिंत घालून यंत्राची भरण्याची बाजू वेगळी केली असल्यास त्या बाजूस स्त्रियांना ठेवता येई. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की उक्त्या दराने चांगली मजुरी मिळणारे दाबखान्याचे काम पुरुषांच्या टोळ्यांकडे राहिले आणि वटणीखान्यातील धुळीचे, रोजंदारीचे काम स्त्रियांकडे. दाबखान्यात स्त्रीला धोका आहे असे मानणाऱ्या कायद्याला रेच्यासमोरील धूळ तितकीशी दिसली नाही. कापसाच्या बारीक धुळीने जडणारा श्वसनविकार कामगाराच्या छातीत हंगामागून हंगाम हळूहळू वाढतो.

त्याच अधिनियमात भरपगारी रजेसाठी वर्षात किमान २४० दिवस काम झालेले असणे आवश्यक होते. कार्तिकात सुरू होऊन होळीच्या आसपास ओसरणाऱ्या हंगामात कोणीही हा आकडा गाठणे शक्य नव्हते. तीस-तीस हंगाम एकाच जिनात काम केलेली स्त्रीही त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने दर वर्षी नवीच ठरे.

श्रम टिकण्याची कारणे : वाफेचे इंजिन घेणाऱ्या मालकाने पाटीच्या जागी वाहक पट्टा का घेतला नाही, याचे उत्तर पुष्कळदा ‘मजूर स्वस्त होते’ एवढेच दिले जाते. ते अपुरे आहे. मजुरी स्वस्त होती हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती हंगाम संपताच थांबत असे. यंत्रावरील व्याज मात्र वर्षभर चालते. चार-पाच महिने चालणाऱ्या कारखान्यात ज्या यंत्रावाचून माल तयारच होणार नाही, तेवढेच घेणे मालकाला परवडे. वटणी व दाबणी ही अशी कामे होती, ने-आण नव्हती. शिवाय कोणत्या वर्षी किती कापूस येईल, हे परभणीसारख्या मुख्यतः कोरडवाहू जिल्ह्यात पावसावर अवलंबून असे व मजुरांची संख्या पिकाप्रमाणे कमी-जास्त करता येई. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तीत महाराष्ट्र राज्य सहकारी कापूस पणन महासंघासाठी कारखाने ठराविक दराने वटणी-दाबणी करून देत. रुई स्वच्छ निघाली वा नाही, याचा लाभ-तोटा कारखानदाराला जवळजवळ नसल्याने सुधारणेची निकडही नव्हती.

लाकूड कटाईच्या धंद्याशी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. स्कँडिनेव्हिया व कॅनडा येथील गिरण्यांत फळ्या पूर्वी सुट्या, एकेक करून जहाजात चढवीत. १९६० च्या सुमारास सारख्या मापाच्या फळ्यांचे पोलादी पट्ट्यांनी आवळलेले गठ्ठे करून ते उचलयंत्राने हलविण्याची पद्धत आली आणि गिरणीतील व गोदीतील मोठा कामगारवर्ग अनावश्यक ठरला. परभणीतील कटाईच्या गिरण्यांत आणि वखारींत हे घडले नाही. तेथे बांधावरची बाभूळ, निंब, आंबा असे वेगवेगळ्या जाडीचे ओंडके येतात व गिऱ्हाईक आपल्या गरजेपुरते लाकूड घनफुटाने नेते. गठ्ठा बांधण्यासारखे त्यात काही नसते. करवत विजेवर फिरते, बाकी सर्व हातांनी होते. गासडीचे माप मात्र ठरलेले होते. म्हणजे यांत्रिकीकरणाची तांत्रिक अट कापसात आधीच पूर्ण झालेली असूनही, अर्थकारण जुळेपर्यंत पाटी चालू राहिली.

यंत्रीकरण : बदल घडला तो सूतगिरण्यांच्या तक्रारीमुळे. जमिनीवर ओतलेल्या, पायांनी तुडविलेल्या व अनेक हातांतून गेलेल्या रुईत केस, सुतळीचे व प्लास्टिकचे धागे, पालापाचोळा आणि सरकीचे तुकडे येत. सुतात ते दिसून येत व कापड रंगविताना डाग उमटे. या कारणाने भारतीय कापसाला जागतिक बाजारात कमी भाव मिळे. केंद्र सरकारने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले व त्याच्या एका भागात वटणी-दाबणी कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी अनुदान ठेवले. त्याच सुमारास एकाधिकार खरेदीची बंधने सैल होऊन खासगी व्यापारी बाजारात परतले आणि २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यावर आवक वाढली. मराठवाड्यात नवे कारखाने उभे राहिले, जुन्यांनी यंत्रे बदलली. आधुनिक कारखान्यात कापूस हवेच्या झोताने नळीतून ओढला जाऊन स्वच्छक यंत्रातून रेच्यांवर आपोआप पडतो. सरकी मळसूत्री वाहकाने व रुई पट्ट्याने पुढे जाते. दाबपेटीत पाय न घालता यांत्रिक तुडवणी होते व जास्त दाबाच्या एकाच टप्प्यात गासडी तयार होते. बारदानाच्या जागी सुती कापड आले.

या बदलाचा लाभ निःसंशय आहे. रुई स्वच्छ निघते, पेटीत उतरण्याचा धोका गेला, धूळ काही प्रमाणात बंद नळ्यांत राहते. तथापि पाटी वाहणाऱ्या स्त्रियांची सुटका व्हावी म्हणून हे यंत्र आलेले नाही. धाग्याला केस लागू नये म्हणून आले. त्यामुळे अनुदानाची रक्कम ठरविताना यंत्रांची यादी झाली, पण काम गेलेल्यांची नाही. शेतीतील पडत्या हंगामात, वेचणी संपता संपता, गावातच मिळणारी रोजंदारी भूमिहीन कुटुंबांच्या हातून गेली. दुसऱ्या बाजूने मालकाचा खर्चही साधा राहिला नाही. हवेच्या झोतावर माल नेण्यास वीज पुष्कळ लागते आणि जिल्ह्यात सोयाबीनने कापसाचे बरेच क्षेत्र घेतल्यावर, तसेच २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पीक बुडविल्यावर, पूर्ण क्षमतेने चालण्याइतका कापूस प्रत्येक कारखान्याला मिळेनासा झाला. जुन्या मालकाला यंत्र नको वाटण्याचे जे कारण होते, ते कर्जाच्या हप्त्यांच्या रूपाने नव्या मालकापुढे आले.

हमालांची स्थिती निराळी राहिली. पुण्यात १९५५ मध्ये बाबा आढाव यांनी हमाल पंचायत स्थापन केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. त्यातून झालेल्या १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने मंडळामार्फत नोंदणी, मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची तरतूद केली. एका माणसाने उचलावयाच्या ओझ्यावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ५५ किग्रॅ. ची मर्यादा सुचविली. पोत्याच्या बाबतीत हा लढा पुढे १०० किग्रॅ. च्या जागी ५० किग्रॅ. चे पोते आणण्यापर्यंत गेला. गासडी मात्र लहान करता येत नाही. ती उचलली न जाता लोखंडी आकड्यांनी चार-सहा जणांकडून कलंडवीत, फळीवरून मालमोटारीत चढविली जाते. मोठ्या कारखान्यांत हे काम पकड बसविलेल्या उचलयंत्राकडे गेले आहे. लहान कारखान्यांत टोळी आहे.

स्त्रियांचे काम कमी झाले, तरी पूर्णपणे गेलेले नाही. कापूस नळीत जाण्यापूर्वी त्यातील प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे, रंगीत दोरे व केस वेचून काढावे लागतात. हवेचा झोत कापसाबरोबर त्यांनाही ओढून नेतो आणि स्वच्छक यंत्र त्यांचे आणखी बारीक तुकडे करते. त्यामुळे लक्षावधी रुपयांच्या यंत्रांच्या तोंडाशी, ढिगाजवळ बसून, हे काम स्त्रियाच करतात.