भाड्याच्या घरात पाण्यामुळे नुकसान : जबाबदारी कोणाची?

पावसाळ्यातील गळती, फुटलेली जलवाहिनी किंवा उघडा राहिलेला नळ यांमुळे भाड्याच्या सदनिकेचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी करावी, हा वादाचा विषय ठरतो. पाणी कशामुळे शिरले आणि करारात काय नमूद आहे, यांवर त्याचा निर्णय अवलंबून असतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार घर सुस्थितीत राखणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. नेहमीच्या वापरातील झीज व अटळ आपत्ती यांचे दायित्व मात्र त्याच्यावर येत नाही. त्याच्या किंवा त्याच्या नोकराच्या हयगयीने दोष निर्माण झाल्यास, सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो दूर करणे त्याला बंधनकारक आहे. याउलट, आपल्यावर बंधनकारक असलेली दुरुस्ती मालकाने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वजा करू शकतो. पुरामुळे घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा रद्द ठरविण्याचा पर्यायही त्याला आहे. करारात वेगळी तरतूद असल्यास ती लागू होते.

राज्यांचे भाडे कायदे भिन्न आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार किमान १५ दिवसांची सूचना देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते. मात्र वर्षभरातील वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने सामान्यतः भाडेकरू नसते. त्यामुळे तिच्यासाठी करारातील दुरुस्तीविषयक कलम निर्णायक ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात जलवाहिन्या बदलण्याचे काम मालकाकडे, तर नळ व वॉशर बदलणे आणि सांडपाण्याचा मार्ग स्वच्छ ठेवणे ही कामे भाडेकरूकडे सोपविली आहेत. राज्याने तशा तरतुदी स्वीकारल्या असतील तरच त्या तेथे लागू होतात.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची व सामाईक बाह्य वाहिन्यांची गळती संस्थेने, तर स्वच्छतागृह, सिंक इत्यादींची अंतर्गत गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. संस्थेचा सभासद घरमालक असल्याने भाडेकरूने तक्रार त्याच्यामार्फत करणे श्रेयस्कर ठरते.

गळती सुरू असली तरी भाडे पूर्णपणे थांबविणे धोक्याचे ठरते, कारण थकबाकी हे घर रिकामे करून घेण्याचे कारण होऊ शकते. नुकसान दिसताच छायाचित्रे काढून मालकाला लेखी सूचना देणे आणि दुरुस्तीची देयके जपून ठेवणे हिताचे आहे. अनामत रकमेच्या परतफेडीच्या वेळीही हाच पुरावा उपयोगी पडतो.