घराची मागची बाजू

इंग्लंडमधली व्हिक्टोरियन काळातली, एकमेकांना चिकटलेली घरं पुढून एकदम टापटीप. मागे मात्र बऱ्याचदा स्वस्त वीट, मोरी, कोळसा, संडास! सगळी काटकसर तिकडे.

1960 च्या दशकात अशा वस्त्यांवर बुलडोझर फिरत होते. डंकन सँडिस या खासदाराने पुढाकार घेतला आणि 1967 चा सिव्हिक ॲमेनिटीज ॲक्ट आला. आता एकेक इमारत नाही, अख्खा परिसरच जपायचा! त्याच वर्षी स्टॅमफर्ड हा पहिला संरक्षित परिसर ठरला. आज एकट्या इंग्लंडमध्ये असे सुमारे 10,000 आहेत.

मग मागची गळकी खोली पाडून नवी बांधायची तर? 1990 चा कायदा म्हणतो, परिसराचं रूप जपण्याकडे किंवा खुलवण्याकडे खास लक्ष द्या. 'जपणं' म्हणजे नेमकं काय, हा वाद कार्टमेल गावातल्या पाद्र्याच्या नियोजित घरावरून थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. 1992 चा निकाल: बांधकामाने परिसराचं नुकसान होत नसेल, तर तेही जपणंच.

आमच्या भाषेत, इंटरफेस सांभाळा, आतला कोड बदला. नाहीतर राहती घरं म्युझियम होतील, आणि म्युझियममध्ये कोण संसार करणार?