दाढेच्या इंजेक्शनातले मिलिग्रॅम

खालची दाढ काढताना आम्ही दंतवैद्य जबड्याच्या पार मागे सुई घालतो. तिथली नस बधिर करण्याचा मान न्यूयॉर्कच्या विल्यम हॉलस्टेडकडे जातो. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरचं निरीक्षण 1884 च्या सप्टेंबरात जाहीर झालं, आणि वर्ष सरायच्या आत हॉलस्टेड व त्याचा सहकारी रिचर्ड हॉल कोकेन सिरिंजमध्ये भरून नसांपाशी टोचू लागले. प्रयोग स्वतःवर आणि आसपासच्या मंडळींवर. दोघांनाही कोकेनचं व्यसन जडलं. हॉलस्टेड पुढे जॉन्स हॉपकिन्सचा नामांकित सर्जन झाला खरा, पण मॉर्फिन त्याला कधी सुटलं नाही. नस बधिर करण्याचा हा ‘ब्लॉक’ शिकवताना आमच्या सरांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

कोकेनने रुग्णही दगावले. तेव्हा पॅरिसच्या पॉल रेक्ल्यूने औषध पातळ केलं; एक टक्का, त्याहूनही कमी पुरतं म्हणाला. माझ्या लेखी मोठा शोध हाच. पण नवं रसायन काढणाऱ्याचं नाव होतं, पाणी वाढवणाऱ्याला कोण विचारतो!

1903 मध्ये हाइनरिश ब्राउनने कोकेनला ॲड्रेनालिनची जोड दिली. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं, रक्तात सावकाश उतरतं. मग कोकेनऐवजी आइनहॉर्न या रसायनशास्त्रज्ञाचं नोव्होकेन आलं. 1943 मध्ये स्टॉकहोमला नील्स लोफग्रेनने लिग्नोकेन बनवलं आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःलाच टोचून पाहिलं. 1948 पासून ते झायलोकेन म्हणून विकलं जातं.

आपल्याकडे ते सर्रास 30 मिलिलिटरच्या बाटलीत मिळतं, आणि घोळ तिथेच होतो. 1.8 मिलिलिटरच्या कार्ट्रिज वापरल्या की रिकाम्या किती झाल्या ते ट्रेमध्ये दिसतं; बाटलीतून सिरिंज पुन्हा पुन्हा भरताना हिशेब डोक्यातच ठेवावा लागतो. दोन टक्क्यांचं द्रावण म्हणजे मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. मुलांसाठी मी किलोमागे 4.4 मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. 15 किलोच्या पोराला 66 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम 3.3 मिलिलिटर. शिवाय दट्ट्या आधी मागे ओढून बघायचा. रक्त आलं तर सुई हलवायची, कारण थेट रक्तवाहिनीत गेलेलं थोडं औषधही झटके आणू शकतं.

खुर्चीशेजारचा वजनकाटा बघून आया विचारतात, ‘‘दाताला वजन कशाला, डॉक्टर? आणि आलोच आहोत तर दोन्ही बाजू उरकून टाका ना.’’ दुसरी बाजू मी पुढच्या आठवड्यावर टाकतो.